शेवटचा चेंडू धाकटीचा

रेफरीच्या खोलीचं दार बंद झालं आणि माई बाहेरच राहिली. आपल्या मुलुखात कुठलंही बंद दार उघडायला लावण्याइतकं तोंड तिला होतं. इथे त्या तोंडाचा काही उपयोग नव्हता. इथली भाषा तिला येत नव्हती, आणि आपली तर इथे कुणालाच येत नव्हती.

आत तिचा थोरला मुलगा होता. तो टेनिस शिकवायचा, म्हणून सगळं घर त्याला कोचच म्हणायचं. बायको म्हणायची, शिकायला येणारी पोरं म्हणायची, आणि राग आला की माईसुद्धा दातओठ खात "हो, कोचसाहेब" म्हणायची. त्याच्याबरोबर त्याची लेक ताई आत गेली होती. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तिघी उरल्या: माई, तिची धाकटी सून आणि सुनेची लेक बारकी. ही बारकी आत्ताच, अजून घामही वाळला नव्हता इतक्यात, ताईला हरवून सेमीफायनलला गेली होती. पण तिच्याकडे बघून कुणी म्हणालं नसतं की ही जिंकून आली आहे. रॅकेटची बॅग मांडीवर घेऊन ती तिच्या चेनशी खेळत होती. उघड, मीट. उघड, मीट.

"ती चेन तुटेल," माई म्हणाली.

"तुटू दे."

एरवी या उत्तराला माईनं पोरीची चामडी लोळवली असती. आज ती गप्प बसली, आणि माई गप्प बसलेली बघून धाकट्या सुनेच्या तोंडचं पाणीच पळालं.

झालं होतं ते असं. दोघी चुलतबहिणी समोरासमोर आल्या तेव्हा कोचनं सकाळीच सांगून टाकलं होतं, की मी कुणाच्याच बाजूला बसणार नाही, दोघींनी आपापलं खेळा. ताई वयानं दोन वर्षांनी मोठी, हातानं जड, डोक्यानं थंड. बारकी नुसती पळणारी. तिसऱ्या सेटमध्ये ताई पुढे होती आणि एक पॉइंट घेतला की मॅच तिची. बारकीनं कसाबसा परतवलेला चेंडू जाळ्याजवळ इतका सावकाश, इतका उंच आला की शेंबड्या पोरानंही तो मारला असता. ताई पुढे आली, रॅकेट वर नेली, आणि तो चेंडू तिनं अलगद, कुणाच्या तरी हातात फूल द्यावं तसा, रेघेच्या बाहेर ठेवला. आणि वर हसलीसुद्धा.

मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानंतर तिला एकही धड फटका मारता आला नाही. मॅच गेली.

आणि हात मिळवून दोघी बाहेर येतात न येतात तोच रेफरीबाई समोर उभ्या. ठरवून हरण्याचा संशय आहे, असं त्यांनी कोचला सांगितलं, आणि कोचनं ते माईला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज लहानपणी ताप भरल्यावर व्हायचा तसा झाला होता. ठरलंच तसं, तर ताईचं नाव वर, टेनिसच्या मोठ्या संघटनेकडे जाणार होतं. मग ती कुठल्याच देशात, कुठल्याच स्पर्धेत खेळणार नव्हती. किती वर्षं, ते तेच ठरवणार.

"आई," धाकटी सून खुर्ची सरकवून कानाशी आली, "खांदा दुखत होता म्हणून सांगू या."

"कुणाचा?"

"ताईचा. रॅकेट वर नेली आणि कळ आली. पटण्यासारखं आहे."

"आणि डॉक्टरला बोलावून तपासलंन् म्हणजे? तू आत जाऊन कळ काढणार आहेस तिच्या खांद्यात?"

"मी आपलं सुचवलं."

"तुझं सुचवणं मला माहीत आहे. ताईचा खांदा दुखला म्हणजे तुझ्या लेकीची सेमीफायनल शाबूत."

सुनेचे कान लाल झाले. "त्यात वाईट काय आहे? तिनं काय पाप केलं? ती तिची तिची खेळली."

"मला नकोय ती सेमीफायनल," बारकी म्हणाली.

"तू गप्प बस!"

"दिलेली मॅच आहे ती. सगळ्यांनी पाहिलं. बाहेर येताना दोन मुली माझ्याकडे बघून हसत होत्या." आणि चेन तुटली. बारकीनं तुटलेला तुकडा तळहातावर घेतला आणि हमसाहमशी रडायला लागली.

माईला तिला जवळ घ्यायचं होतं. पण सुनेसमोर आपला धीर सुटलेला दिसणं तिला मरणाहून वाईट होतं. म्हणून तिनं दोन्ही हात शालीत खुपसले आणि काचेतून बाहेर बघत बसली. खाली कोर्टच कोर्ट होती, एकाला लागून एक. प्रत्येकावर कुणाचं तरी पोर पळत होतं आणि जाळीबाहेर कुणाची तरी आई नखं खात होती.

दार उघडलं. कोच एकटाच बाहेर आला.

"ताई कुठाय?" माई उठली.

"आत आहे. बस. बस गं आई." तो स्वतः मात्र उभाच राहिला. "अंपायरचं म्हणणं, ताईनं तो बॉल मारायच्या आधी प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं. आपल्या भाषेत. ते ऐकून ताईनं बॉल बाहेर घातला. तो इशारा होता, असं ते म्हणतात."

"कोण ओरडलं?" माईनं विचारलं.

सून जमिनीकडे बघत होती. कोच आईकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग असता तर माईला बरं वाटलं असतं. राग नव्हता.

"माझ्याकडे काय बघतोस? मी कशाला ओरडेन? मला काय तुमच्या खेळातलं कळतं?"

"आजी, तू ओरडलीस," बारकी नाक पुसत म्हणाली. "'शेवटचा!' म्हणून. नेहमीसारखी."

माई मटकन खाली बसली.

घरामागच्या कोर्टाला लागून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. जेवणं तयार झाली की त्या खिडकीतून माई हाक मारायची: शेवटचा! म्हणजे आता एकच चेंडू, मग हातपाय धुऊन ताटावर. हाकेला जोडून तिचा एक कायदाही होता. शेवटचा चेंडू धाकट्याचा. थोरल्यानं तो सोडायचा. तिचे दोन्ही मुलगे लहानपणी कोर्टावर जे भांडायचे ते ताटावर येऊन एकमेकांच्या अंगावर पाणी फेकेपर्यंत. एके दिवशी तिनं दोघांच्या पाठीत धपाटे घातले आणि हा कायदा केला, की जेवायला बसताना धाकटा रडवेला नको. थोरला मुकाट्यानं शेवटचा चेंडू सोडत आला. पुढे ताई आणि बारकी रॅकेट धरायला लागल्या तेव्हा कायदा त्यांनाही लागू झाला. ताईनं किती शेवटचे चेंडू सोडले असतील, त्याची गणती कोण करणार? हाक आली की हात सैल. हसून बाहेर. मग जेवण.

आज कोर्टावर सगळे श्वास रोखून बसले होते, शेजारच्या बाईनं बोट दाखवून खुणेनं सांगितलं होतं की आता एकच पॉइंट, आणि माईच्या घशातून ती हाक आपसूक निघाली होती. शिंक यावी तशी. तिला ती आठवतही नव्हती.

"मग जा आत आणि सांग त्यांना," ती म्हणाली. "म्हातारी ओरडली म्हणून सांग."

कोच भिंतीकडे बघत होता. "मी सांगितलं, मी ओरडलो."

"काय?"

"मी इशारा दिला, पोरीचा दोष नाही, असं सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं असं त्यांना वाटलं, तर दोघी पोरी जातील. मी एकट्यानं केलं म्हटलं तर मला बाद करतील. पोरी राहतील."

"भाऊजी!" आता सुनेचा आवाज चढला. "तुम्हाला बाद केलं तर शिकवणार कोण? बारकीला? घरी ती सगळी पोरं येतात त्यांना? घर कशावर चालतं आपलं?" ती माईकडे वळली, मघाशी कानाशी लागणारी ती हीच होती असं वाटूही नये. "आई ओरडल्या, हेच खरं आहे ना? मग खरं सांगायला काय झालं? आईंना कोण काय करणार आहे? आईंना थोडंच खेळायचंय?"

"बघितलंस?" माई मुलाला म्हणाली. "दोन मिनिटांत खांद्यावरून सासूवर आली. हिला कोच कर तू."

एरवी या बोलण्यावर कुणीतरी हसलं असतं.

"ऐक आता," कोच तिच्यासमोर वाकला. "माझ्यावरच आळ आलाय, म्हणून मला ताईशेजारी बसता येत नाही. घरचं दुसरं मोठं माणूस हवं. काकू चालणार नाही, तिची मुलगी समोरून खेळत होती. राहिलीस तू. आत जायचं, ताईच्या बाजूला बसायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. कळलं? तू बोललीस तर माझं खोटं उघडं पडेल, आणि मग ते कुणाचंच काही खरं मानणार नाहीत."

"आणि गप्प बसले तर तू जाशील."

"मी जाईन. चालतं."

चालतं. हा शब्द लहानपणापासून याच्या तोंडी. खेळणं धाकट्याला दिलं, चालतं. खोली धाकट्याला दिली, चालतं. माईला वाटायचं, गुणाचं पोर आहे. आज तो शब्द ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

खोली लहान होती. टेबलावर चेंडूंचे डबे, एक घड्याळ, एक अर्धी प्यालेली पाण्याची बाटली. रेफरीबाई नाकाचं सालपट निघालेली, उन्हात आयुष्य काढलेली बाई. चेहरा वाईट नव्हता, पण त्यावर काहीच वाचता येत नव्हतं. ताई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. हात निसटून जातील अशी भीती वाटत असल्यासारखी.

टेबलावरच्या फोनमधून आवाज आला, आणि तो चक्क आपल्या भाषेत बोलला.

"नमस्कार. मी दुभाषी आहे. तुम्ही जे बोलाल तेच त्यांना सांगेन. मला सल्ला देता येणार नाही." पाठोपाठ फोनमधली बाई शिंकली. "माफ करा, सर्दी झालीये."

परक्या मुलुखात आपली भाषा ऐकून माईला एकदम रडूच फुटायला आलं, म्हणून ती आणखी ताठ बसली. "सल्ला मी कुणाचा घेत नाही," ती म्हणाली, आणि मग लक्षात आलं की गप्प बसायचं होतं.

रेफरीनं ताईला काहीतरी विचारलं. फोनमधल्या बाईनं सांगितलं, "त्या विचारताहेत, तो बॉल मारायच्या आधी तुझे वडील ओरडले का?"

ताई टेबलावरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"हो किंवा नाही, एवढंच सांग, म्हणतात."

ताईनं मान वळवून आजीकडे पाहिलं. कुणीतरी विहिरीत उतरवावं आणि वर दोर धरणाऱ्याकडे बघावं तशी ती नजर होती. हो म्हटलं तर बाप गेला. नाही म्हटलं तर बाप खोटारडा आणि आपण ठरवून हरलेलो. सोळा वर्षांच्या पोरीला आज माईनं आणि माईच्या मुलानं, दोघांनी मिळून या खुर्चीवर बसवलं होतं. बोललं तर मुलाचा शब्द मोडतो. वर आपण अडाणी. कुठला शब्द कुठे वाकडा जाईल, फोनमधून पलीकडे काय पोचेल, आणि या पोरीचं आयुष्य कशानं संपेल, कोण सांगणार? आयुष्यात पहिल्यांदा बोलायची तिला भीती वाटली.

"मी ओरडले," ती म्हणाली.

मांडीखालचे ताईचे हात हलले.

"सांगा त्यांना. तो नाही ओरडला. मी. खिडकीतून ओरडते तशी."

"कुठल्या खिडकीतून?"

मग माईनं सांगितलं. स्वयंपाकघर, कोर्ट, पाणी फेकणारे मुलगे, धपाटे, कायदा. मध्ये मध्ये फोनमधली बाई म्हणायची, "हळू मावशी, हळू," आणि परक्या भाषेत पुढे सांगायची. रेफरीच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या. शेवटी तिनं हात वर केला.

"त्या म्हणतात, म्हणजे तुमच्या घरात हरायचा इशारा आधीपासून ठरलेला आहे?"

बघा. वाकडंच गेलं.

"हरायचा नाही गं बाई! जेवायला यायचा!"

फोनमध्ये बाई खुदकन हसली, लगेच खाकरली आणि भाषांतर केलं. रेफरी हसली नाही.

"आणि मग तुमच्या मुलानं मीच ओरडलो असं का सांगितलं, विचारताहेत."

"कारण तो माझा मुलगा आहे आणि मूर्ख आहे."

"दोन्ही सांगू?"

"दोन्ही सांग."

रेफरीनं पेन खाली ठेवलं आणि ताईकडे वळून एकच प्रश्न विचारला, आणि दुभाषी बाईनं तो जरा वेळ घेऊन, अलगद सांगितला. "तुझी आजी ओरडली तेव्हा तुला जिंकायचं होतं का?"

"हो," ताई म्हणाली. खोलीत आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द. "खूप. मी तो बॉल कुठे मारणार ते ठरवलं होतं. डावीकडे, कोपऱ्यात. आजी ओरडली आणि... हात गेलाच नाही तिकडे. मी हसलेसुद्धा. मला वाटलं आता जेवायला जायचं." तिनं मांडीखालून उजवा हात काढला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. "मग मला स्कोअर दिसला. मग भीती वाटली. आपलाच हात आपलं ऐकत नाही म्हटल्यावर... पुढचा बॉल मला दिसलाच नाही. कुठलाच दिसला नाही."

फोनमधली बाई बोलत होती तोवर ताई रडत नव्हती. माईला तेच भयंकर वाटलं.

मग त्यांना पुन्हा बाहेर बसवलं. रेफरी, अंपायर आणि आणखी एक टाय लावलेला माणूस आत गेले. पाचही जणं एका ओळीत बसली. कोचनं आईला एवढंच विचारलं, "सांगितलंस?" माईनं मान हलवली. त्यानं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. सून उठून पाण्याचे पेले घेऊन आली आणि पहिला पेला तिनं ताईला दिला, दुसरा माईला. माईनं तो तिच्याच हातून घेतला.

निकाल उभ्या उभ्या सांगितला गेला. ठरवून खेळल्याचं मानलेलं नाही. ताईचं नाव वर जाणार नाही. मॅचचा निकाल तसाच राहील, बारकी सेमीफायनल खेळेल. कोच खोटं बोलला म्हणून या स्पर्धेत त्याला कोर्टाजवळ येता येणार नाही. आणि आजीबाईंचा पास काढून घेण्यात येत आहे.

गळ्यातला पास माईनं स्वतःच काढला आणि टाय लावलेल्या माणसाच्या हातात ठेवला. "घ्या. फोटो नाहीतरी वाईटच आला होता." तो काय समजला कोण जाणे, त्यानं वाकून आभार मानले.

दुपारी बारकी तिच्या आईला घेऊन आत गेली. बाकीचे तिघं फाटकाबाहेर. कोच बराच पलीकडे जाऊन हिरव्या कापडाच्या फटीतून डोळा लावून उभा होता. बाकावर माई आणि ताई बसल्या. आतून चेंडूचे आवाज यायचे, मधूनच टाळ्या.

वाचलो, माई मनात म्हणत होती. पोरगी वाचली, मुलगा वाचला, घर वाचलं. ताई तिच्या शेजारी बसली होती, पण टेकून बसली नव्हती.

"आजी, मी जिंकले होते."

"हो."

"तू लगेच हो म्हणालीस."

"मग काय म्हणू? तू जिंकली होतीस. मी घालवलं."

ताईनं बुटाच्या टोकानं एक खडा पुढे ढकलला. "घरी गेलो की मी बाबांकडे शिकणार नाही. दुसरीकडे जाईन. दुसऱ्या गावात. तिथे राहीन."

कोचची स्वतःची लेक दुसऱ्याकडे शिकायला गेली, हे कळलं की लोक आपली पोरं त्याच्याकडे कशाला पाठवतील? थोरली सून तिकडे घरी वाट बघते आहे, तिला काय सांगायचं? "तो काय ओरडला?" ती म्हणाली. "ओरडले मी. माझ्यावर राग धर."

"राग नाही गं. पण तुमचं सगळ्यांचं माझ्या हातात जाऊन बसलंय. माझं काय आहे त्यात, तेच मला कळत नाही." ताईचा आवाज आता पहिल्यांदा कापला. "आणि बाबांनी आज मला विचारलंसुद्धा नाही. सरळ अंगावर घेऊन मोकळे. त्यांना सोडून द्यायचंच येतं. तेच मला शिकवतात. मला घट्ट धरायचं शिकायचंय."

माईला खूप काही सुचलं. समजूत घालायचं सुचलं, दरडावायचं सुचलं, घराची आण घालायचं सुचलं. यातलं कुठलंही बोललं असतं तर ही पोर राहिली असती, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. ताई ऐकायची. ताईनं नेहमीच ऐकलं होतं. आणि त्याचीच आता माईला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"चल," ती गुडघ्यांवर हात देऊन उठली. "आत्ताच सांगू त्याला. मी बोलते. तू नुसती बाजूला उभी राहा."

"नको आजी. मी बोलते. तू बाजूला उभी राहा."

ताई उठली आणि कुंपणाच्या कडेनं निघाली. बापाच्या पाठीमागे जाऊन ती थांबली. त्यानं फटीतून डोळा काढला आणि वळला, लेकीला आतला स्कोअर सांगायला म्हणून हसत वळला. तिनं बोलायला सुरुवात केली. इतक्या लांबून एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरताना तेवढं माईला दिसत होतं. ती बसली नाही, आणि पुढेही गेली नाही.